हात दिसला, रक्त दिसलं, समुद्र कुठंय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या जागेत गेले काही दिवस एक वाद रंगला आहे. एका वाचकांनी लिहिलं की अभिजात नाटकं शिकवताना पुस्तकात तोंड खुपसून बसण्यापेक्षा त्यांच्यावरचे चित्रपट सरळ वर्गात लावावेत. प्रतिमा म्हणजे शेवटी चित्रच, ते पाहिलं की समजलं. त्यावर दुसऱ्या वाचकांनी लगेच तलवार उपसली: चित्रपट दाखवणं म्हणजे नाटकाचा गळा घोटणं, आणि तसं करणारे शिक्षक कामचुकार. मी ३१ वर्षं कॉलेजात नाटक शिकवलं, त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं शेक्सपिअर. दोन्ही पत्रं वाचताना मला माझीच आठवण होत होती. पहिल्या पत्रातली चूक मी स्वतः केलेली आहे, आणि ती अंगाशी आल्यावर रागाच्या भरात वर्षभर दुसऱ्या पत्रासारखं बोलतही होते.

चूक सांगते. 'मॅकबेथ' शिकवायला होतं, राजा डंकनचा खून करून गादीवर बसणाऱ्या सरदाराचं नाटक. मुलांना भाषा जड जात होती, मला शिकवून शिकवून कंटाळा आला होता, आणि वर्गात नवा प्रोजेक्टर बसला होता. रोमन पोलान्स्कीचा १९७१चा चित्रपट १४० मिनिटांचा, आमचा तास ४८ मिनिटांचा. तीन तासांत बरोबर बसला. दिवे घालवले, पडदे ओढले, तीन दिवस वर्ग गच्च भरलेला. एरवी मागच्या बाकावर पेंगणारी मुलंसुद्धा डोळे फाडून पाहत होती. मला वाटलं, जिंकलं.

मग परीक्षा झाली. उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या तर दहा-बारा जणांनी लिहिलेलं, की नाटकाच्या शेवटी डंकनचा धाकटा मुलगा डोनलबेन चेटकिणींच्या शोधात जातो आणि सत्तेचं चक्र पुन्हा सुरू होतं. छान लिहिलेलं, अगदी अवतरणात घ्यावं असं. पण शेक्सपिअरच्या नाटकात असं काहीही नाही. डोनलबेन दुसऱ्या अंकात आयर्लंडला जातो तो पुन्हा रंगमंचावर येतच नाही. तो शेवट पोलान्स्कीचा. त्याहून वाईट म्हणजे 'रक्ताच्या प्रतिमेवर टीप लिहा' या प्रश्नाला बहुतेकांनी रक्त कुठे कुठे सांडतं याची यादी दिली होती. डंकनचा खून कसा होतो, सुरी कुठे लागते, सगळं तपशीलवार. नाटकात तो खून प्रेक्षकाला दिसतच नाही, आत होतो. पोलान्स्कीनं तो दाखवला, आणि माझ्या मुलांनी तो शेक्सपिअरच्या नावावर जमा केला.

दोष मुलांचा नव्हता. मी त्यांना पंचनामा दाखवला होता, त्यांनी पंचनामा लिहिला.

त्यानंतर वर्षभर मी चित्रपटाचं नाव काढलं नाही. पुन्हा वळले ती एका बिघाडामुळे. पुढच्या वर्षीच्या मुलांनी हट्टच धरला म्हणून एकच प्रवेश दाखवायचं कबूल केलं: दुसरा अंक, दुसरा प्रवेश, खून करून मॅकबेथ बाहेर येतो तो. चित्र सुरू झालं आणि स्पीकर मेला. आवाजच नाही. मुलं हसायला लागली. शिपायाला बोलावण्यात तास गेला असता, म्हणून मी म्हटलं, असू दे, चित्र चालू द्या, संवाद मी वाचते. पडद्यावर तोंडं हलताहेत आणि मी टेबलाशी उभी राहून वाचतेय. मॅकबेथ आपल्या हाताकडे बघून विचारतो, समुद्रदेव नेपच्यूनचा सगळा महासागर तरी माझ्या हातावरचं हे रक्त धुऊन काढील का? नाही, उलट हा माझा हातच त्या अगणित समुद्रांना लाल करून सोडील, हिरव्याचं एकच तांबडं करील.

मी वाचून थांबले. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हात दिसला, रक्त दिसलं. समुद्र कुठंय?"

एवढ्या वर्षांत मी प्रतिमेवर जेवढं बोलले, ते सगळं त्या एका प्रश्नात होतं. समुद्र पडद्यावर नव्हताच. तो मॅकबेथच्या वाक्यात होता, आणि त्या वाक्यात तो अशा पद्धतीनं आला होता की तळहाताएवढं रक्त क्षितिजापर्यंत पसरलं. लगेच बायको येते आणि म्हणते, थोडंसं पाणी घेतलं की झालं. एक माणूस समुद्र बोलतो, दुसरं माणूस तांब्याभर पाणी बोलतं. त्या दोघांच्या संसाराची फट तिथे उघडते. पाचव्या अंकात तीच बाई झोपेत हात चोळत म्हणते, अरबस्तानातली सगळी अत्तरं ओतली तरी या एवढ्याशा हाताचा वास जाणार नाही. तेव्हा तिचं पाणी संपलेलं असतं.

आपल्या भाषेत या गोंधळाला आणखी एक कारण आहे. 'प्रतिमा' हा शब्द आपण मूर्तीसाठी वापरतो, फोटोसाठी वापरतो, कॅमेऱ्यानं टिपलेल्या चित्रासाठी वापरतो, राजकारण्याच्या अब्रूसाठी वापरतो आणि काव्यातल्या इमेजरीसाठीही वापरतो. साहजिकच पहिल्या पत्रलेखकांना वाटलं की नाटकातली प्रतिमा आणि पडद्यावरची प्रतिमा एकाच जातीच्या. पण नाटकातली प्रतिमा बहुतेक वेळा दोन वस्तूंची गाठ असते: हात आणि समुद्र, राज्य आणि तण माजलेली बाग. कॅमेऱ्यासमोर एक वेळी एक वस्तू ठेवावी लागते, आणि जी ठेवाल ती खरोखरीची होऊन बसते. बाग दाखवली की ती बागच; हॅम्लेटला त्या बागेत दिसलेलं आईचं घाईघाईचं दुसरं लग्न तिथून उडून जातं.

शिवाय ही नाटकं ज्यांच्यासाठी लिहिली त्यांना दिसायला फारसं काही नव्हतं. शेक्सपिअरच्या लंडनमधल्या ग्लोब थिएटरात खेळ दुपारी व्हायचे, उघड्या आकाशाखाली. 'मॅकबेथ'मधली ती भयाण रात्र लख्ख उजेडात उभी करायची होती, तीही केवळ तोंडानं. म्हणून मॅकबेथचा सोबती बँको मध्यरात्री वर बघून म्हणतो, स्वर्गात काटकसर चाललेली दिसते, सगळ्या मेणबत्त्या विझवल्यात. म्हणून मॅकबेथ म्हणतो, उजेड दाट होत चाललाय आणि कावळा आपल्या रानाकडे पंख मारतोय. उजेड दाट होणं! मूळ इंग्रजीत त्यासाठी दोनच शब्द आहेत. वर्गात मी मुलांना विचारायचे, उजेड कसा दाट होईल, दूध आटतं तसा? मग कुणीतरी म्हणायचं, रक्त गोठतं तसा. तिथून पुढे मला फारसं बोलावं लागायचं नाही.

हे काही एकट्या इंग्रजांचं नाही. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात दुष्यंताचा रथ हरणामागे धावतो. रंगमंचावर हरीण नाही, रथही नाही. सूत आणि राजा अभिनयानं वेग दाखवतात आणि राजा तो श्लोक म्हणतो, 'ग्रीवाभङ्गाभिरामम्'. मान वळवून वळवून मागे पाहणारं हरीण, दमल्यानं उघडलेल्या तोंडातून वाटेवर सांडणारे अर्धवट चावलेले दर्भ. उद्या कुणी चित्रपटात खरं हरीण पळवलं तर ते सुंदर पळेल, शंका नाही. पण पळणारं जनावर आणि त्याच्याकडे बघून शिकाऱ्याच्या तोंडून निघालेलं कौतुक, या दोन गोष्टी एकत्र फक्त श्लोकात आहेत. ज्याला मारायचं त्याचंच सौंदर्य त्याला दिसतंय, ही पुढच्या सगळ्या गोष्टीची चाहूल आहे, आणि ती हरणाच्या पायांत नाही.

इथवर वाचून दुसरे पत्रलेखक खूश झाले असतील. त्यांनी थोडं थांबावं.

त्या मुक्या तासानंतर मी एक सवय लावून घेतली. आधी पान. मोठ्यानं, दोनदा वाचायचं. मग चित्रपटाचा तुकडा, तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त नाही. शक्य असेल तर त्याच जागेचा दुसऱ्या दिग्दर्शकाचा तुकडा. आणि मग पुन्हा पान. प्रश्न एकच: काय दिसलं नाही? 'काय दिसलं' विचारलं की पंचनामा येतो. 'काय दिसलं नाही' विचारलं की मुलं पुस्तकाकडे वळतात, कारण हरवलेली वस्तू तिथेच असते.

यासाठी सगळ्यात चांगला तुकडा खंजिराचा. मॅकबेथ अंधारात विचारतो, माझ्यासमोर हा दिसतोय तो खंजीर का, मूठ माझ्या हाताकडे केलेला? रंगमंचावर नट रिकाम्या हवेकडे बघतो आणि आपण नटाकडे बघतो. पोलान्स्कीनं हवेत तरंगणारा, चमकणारा खंजीर दाखवला. तो दिसताक्षणी वर्गात हशा पिकतो, दर वर्षी, चुकत नाही. का हसलात, विचारलं की उत्तर येतं, "आता आम्हालाही दिसला ना, मग तो वेडा कसला?" त्यानंतर जोएल कोएनचा २०२१चा, कृष्णधवल, जवळजवळ चौकोनी चौकटीतला चित्रपट लावायचा. (हा मला निवृत्त झाल्यावर मिळाला, एका जुन्या विद्यार्थिनीच्या वर्गावर पाहुणी म्हणून गेले तेव्हा वापरला. हात शिवशिवतातच.) त्यात मॅकबेथ लांबलचक ओसरीतून चालत येतो, समोर उजेडात काहीतरी खंजिरासारखं लकाकतं, आणि जवळ गेल्यावर कळतं की ती डंकनच्या खोलीच्या दाराची मूठ आहे.

एका मुलानं लगेच पुस्तक उघडलं. मूळ ओळीत शब्द आहे 'हँडल'. खंजिराचं हँडल हाताकडे वळलेलं. दिग्दर्शकानं तो एक शब्द उचलला आणि खंजिराचं दार केलं. आता हात पुढे करणं म्हणजे शस्त्र घेणंही आणि खोलीत शिरणंही. हे माझ्या तीस वर्षांच्या टिपणांत नव्हतं. चित्रपटानं मला माझीच ओळ वाचायला शिकवली हे कबूल करायला हरकत नाही. चित्रपट म्हणजे शेवटी दिग्दर्शकानं लिहिलेली उत्तरपत्रिका. काही नापास होतात, काहींना मी पैकीच्या पैकी दिले असते. पण एकाही उत्तरपत्रिकेला मुलांनी प्रश्नपत्रिका समजू नये, एवढंच.

काही प्रतिमा मात्र पडद्यावर हटकून मरतात. शेक्सपिअरच्या प्रतिमांच्या अभ्यासक कॅरोलिन स्पर्जन यांनी १९३५च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की 'मॅकबेथ'भर अंगाला न बसणारे कपडे आहेत. मॅकबेथ विचारतो, मला उसने कपडे का चढवता? बँको म्हणतो, नव्या मानाचे कपडे नव्या कापडासारखे, वापरल्याशिवाय अंगाला बसत नाहीत. शेवटी एक सरदार म्हणतो, त्याचं राजेपण त्याच्या अंगावर लोंबतंय, जशी राक्षसाची वस्त्रं एखाद्या ठेंगू चोराच्या अंगावर. आता चित्रपटात वेशभूषाकार असतो आणि त्याचं कामच मुळी नटाला कपडे बेतशीर बसवण्याचं. नट उंचपुरा, झगा मापात शिवलेला. प्रतिमेचा जीव शिंप्याच्या कसबानं जातो. हे मुलांना सांगितलं की त्यांना गंमत वाटते, आणि गंमत वाटलेली गोष्ट ती विसरत नाहीत. कोणत्याही रूपांतरात ती प्रतिमा शोधायला लावायची; सापडली नाही तर का सापडली नाही ते लिहायचं. माझ्या मते प्रतिमेवरचा याहून चांगला गृहपाठ नाही.

आता अकिरा कुरोसावा. 'थ्रोन ऑफ ब्लड', १९५७, त्यांचा जपानी 'मॅकबेथ'. शेक्सपिअरची एकही ओळ त्यात नाही. जपानी सरंजामी काळ, 'नो' या तिथल्या पारंपरिक नाट्यप्रकाराची शैली, तोशिरो मिफुने आणि इसुझू यामादा हे नट. दुसऱ्या पत्रलेखकांच्या मापानं हा तर गळा घोटण्याचा कळस. पण सुरुवातीला दोन घोडेस्वार धुक्यात वाट चुकतात. धुक्यात जातात, बाहेर येतात, वळतात, पुन्हा धुक्यात; इतक्या वेळा की वर्ग चुळबुळायला लागतो, आणि मग एकदम शांत होतो. उजेड दाट होतो म्हणजे काय, ते तिथे कुणी बोलत नाही आणि तरी तेच चाललेलं असतं. नाटकभर पसरलेले पक्षी, तो घसा बसलेला डोमकावळा, ते घुबड, ते कावळ्यांचं रान. कुरोसावानं काय केलं? शेवटाकडे रानातली झाडं तोडली जाताहेत म्हणून घरं उठलेले पक्षी थेट गढीच्या दालनात घुसतात. जंगल चालून आलं की राजाचा शेवट, असं भाकीत आहे; त्या जंगलाआधी जंगलाचे रहिवासी येऊन सांगून जातात. हे शेक्सपिअरमध्ये नाही. तरी ते शेक्सपिअरच्याच पक्ष्यांचं पोर आहे.

या चित्रपटाच्या एका तासाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. त्या वर्षी वर्गात एक विद्यार्थी होता, त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. चित्रपटाच्या तासाला मी त्याला आधीच विचारलं, तू नाही आलास तरी चालेल, मी तुला वेगळं समजावते. तो म्हणाला, "नाही मॅडम, मी ऐकतो." शेजारचा मित्र त्याला कानात सांगत होता. मी निवडलेला तुकडा खुनाच्या रात्रीचा. असाजी, म्हणजे तिथली लेडी मॅकबेथ, पहारेकऱ्यांसाठी गुंगीची दारू आणायला काळोख्या दारातून आत जाते, नाहीशी होते, आणि त्याच काळोखातून सुरई घेऊन परत येते. सगळ्या मुलांनी काळोखावर लिहिलं, चांगलं लिहिलं. तो म्हणाला, "बाई चालते तेव्हा कापडाचा आवाज येतो. बाकी सगळं गप्प असतं. तो आवाज आत जातो आणि परत येतो. मला वाटलं, साप."

आम्ही तुकडा पुन्हा लावला, या वेळी सगळ्यांनी डोळे मिटून. रेशमाची सळसळ. मी हा चित्रपट तोवर कितीतरी वेळा पाहिला होता. ती सळसळ ऐकली पहिल्यांदाच. मग मूळ पानावर गेलो. तिथे बायको नवऱ्याला सांगत असते, वरून निरागस फूल दिस, खाली साप हो. आणि खुनानंतर मॅकबेथ विचारतो, काही आवाज ऐकलास? ती म्हणते, घुबड ओरडलं, रातकिडे किरकिरले. त्या प्रवेशात ती दोघं पाहत कमी असतात, कानोसाच जास्त घेत असतात. प्रतिमा डोळ्यांचीच असते हे मीही गृहीत धरलं होतं. मुळातल्या समुद्राच्या ओळीतसुद्धा निम्मं काम कानाचं आहे: 'मल्टिट्यूडिनस', 'इनकार्नाडाइन' असे लाटेसारखे फुगत जाणारे लांब शब्द, आणि मग धाडकन तीन ठोकळे, 'ग्रीन वन रेड'. लाट फुटते. कुठला कॅमेरा ते दाखवणार?

'हॅम्लेट'मध्ये नायकाची प्रेयसी असलेल्या ऑफिलियाच्या मरणाचा धडा मी तीन चित्रपटांवर बेतला होता. तो माझा आवडता धडा, म्हणून थोडं लांबण लावते. नाटकात तीही रंगमंचावर बुडत नाही. राणी, हॅम्लेटची आई, येऊन सांगते. ओढ्यावर कललेलं वाळुंजाचं झाड, रानफुलांच्या माळा, मोडलेली फांदी. कपडे पसरतात आणि तिला जलपरीसारखं काही वेळ वर धरतात, ती जुनी गाणी तुकड्यातुकड्यांनी गात राहते. आणि मग तेच कपडे पाणी पिऊन जड होतात आणि त्या बिचारीला गाण्यातून खेचून चिखलाच्या मरणात नेतात. नीट वाचा: तिला मारतात ते कपडे. जे आधी तारतात तेच.

लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या १९४८च्या चित्रपटात राणीचा आवाज ऐकू येतो आणि त्याच वेळी फुलांमधून तरंगत जाणारी ऑफिलिया दिसते, इंग्रज चित्रकार मिलेच्या प्रसिद्ध चित्रासारखी. देखणं आहे. पण आवाज सांगतोय तेच चित्र दाखवतंय, आणि मुलं चित्र बघत बसतात. कपड्यांचं वजन कुणाच्याच ध्यानात येत नाही. ग्रिगोरी कोझिन्त्सेव्ह यांच्या १९६४च्या रशियन 'हॅम्लेट'मध्ये वडील मेल्यावर म्हाताऱ्या बायका ऑफिलियाला सुतकाचा काळा पोशाख चढवतात, आणि आधी त्याच्या आत लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा आवळतात. ती बाहुलीसारखी उभी. हॅम्लेट नाटकात म्हणतो, डेन्मार्क तुरुंग आहे. इथे तो तुरुंग हॅम्लेटच्या तोंडातून काढून ऑफिलियाच्या फासळ्यांवर बसवला आहे. वर्गातली एक मुलगी म्हणाली, "पाण्यात जायच्या आधीच तिचे कपडे जड झाले." मी फळ्याकडे तोंड फिरवलं, कारण मला भरून आलं होतं, आणि मास्तरांनी वर्गात रडू नये असं आमच्या वेळी शिकवलेलं.

तिसरा विशाल भारद्वाज यांचा 'हैदर', २०१४. त्यातली ऑफिलिया वडिलांसाठी विणलेला लाल मफलर उसवते, लोकर तिच्याभोवती गुंतत जाते. ओढा नाही, फुलं नाहीत, राणीचं भाषण नाही. पण मायेनं विणलेलं वस्त्रच फास होतं, ही राणीच्या भाषणातली खूण तिथे शाबूत आहे. असं मला वाटतं. दोन मुलांनी कडाडून विरोध केला, म्हणाली मॅडम तुम्ही ओढून-ताणून आणताय. त्यांनी लिहिलेली उत्तरं मी अजून जपून ठेवली आहेत.

'ऑथेल्लो'बद्दल थोडक्यात. खलनायक इयागोच्या तोंडी सतत जनावरं: बोकड, मेंढा, माकडं. ती पडद्यावर आणली तर हसं होईल, आणि कुणी शहाण्यानं आणली नाहीत. वर्गात मी चित्रपटाच्या नादी न लागता एवढंच करायला लावायची: ऑथेल्लोच्या बोलण्यात पहिलं किळसवाणं जनावर कुठे येतं ते शोधा. तिसऱ्या अंकात येतं, बेडूक. तिथे इयागोची भाषा त्याला लागलेली असते, एखादा रोग लागावा तशी. ऑर्सन वेल्स यांच्या चित्रपटातल्या लोखंडी जाळ्या आणि गजांच्या सावल्या मात्र जरूर दाखवाव्यात, कारण इयागो स्वतःच म्हणतो, तिच्या (ऑथेल्लोच्या बायकोच्या, डेस्डिमोनाच्या) चांगुलपणातूनच मी सगळ्यांना अडकवणारं जाळं विणीन.

आणि हो, त्या मुलीचा समुद्र. तिच्या प्रश्नानंतर काही दिवसांनी मी वर्गात 'मक़बूल' या 'मॅकबेथ'वर बेतलेल्या २००४च्या हिंदी चित्रपटाचे तुकडे नेले. त्यात चेटकिणींच्या जागी कुंडल्या मांडणारे दोन पोलीस, आणि सुरुवातीलाच व्हॅनच्या वाफाळलेल्या काचेवर बोटानं काढलेली कुंडली रक्तानं माखते. पण आमचं लक्ष होतं दुसरीकडे. नाटकातलं भाकीत रानाचं: रान चालून येईल तेव्हा तुझा शेवट. चित्रपटात त्या जागी समुद्र आहे. दर्या घराशी येईल तेव्हा. माझी विद्यार्थिनी जागेवरच उठून उभी राहिली. "आला!" दुसऱ्या अंकात हातातलं रक्त समुद्रात पसरलं होतं, इथे समुद्र उलट वसुलीला आला. दिग्दर्शकाला ते अभिप्रेत असो वा नसो, तिनं पुस्तकातला दुवा पडद्यावर नेऊन जोडला, आणि तो मी सांगितलेला नव्हता.

सारांश शिकवणाऱ्या गाईडांतून हे येत नाही, आणि पूर्ण चित्रपट लावून दिल्यानंही येत नाही. वेळ लागतो हा आक्षेप मला ठाऊक आहे. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, मीही ३१ वर्षं तो कसाबसा पुरा केला आहे. पण पान, चार मिनिटं, पुन्हा पान, हे एका तासात बसतं. ज्यांच्याकडे प्रोजेक्टर नाही त्यांनी एका मुलाला डोळे मिटायला लावून दुसऱ्याला वाचायला सांगावं. परीक्षकांना मात्र एक विनंती आहे. 'रक्ताच्या प्रतिमेवर टीप लिहा' हा प्रश्न कृपया बंद करा. त्याऐवजी बारा ओळींचा उतारा द्या, त्या जागेचं चित्रपटातलं दोन वाक्यांत वर्णन द्या, आणि विचारा: दिग्दर्शकानं काय गाळलं, आणि त्याची भरपाई केली का? ज्यानं नुसता चित्रपट पाहिला तो इथे अडकतो, ज्यानं नुसतं गाईड वाचलं तोही.

पत्र फार लांबलं. तरी 'किंग लिअर'मधला कडा सांगितल्याशिवाय संपवता येत नाही. डोळे काढलेला ग्लॉस्टर जीव द्यायला डोव्हरच्या कड्यावर निघालेला असतो. त्याचा मुलगा एडगर, ओळख लपवून, त्याला सपाट जमिनीवर आणून उभा करतो आणि सांगतो, आलो आपण कड्यावर. मग खाली काय दिसतं त्याचं वर्णन: मधल्या हवेत उडणारे कावळे भुंग्यांएवढे, कड्याच्या मध्यावर लोंबकळून पाला खुडणारा माणूस त्याच्या डोक्याएवढाच, किनाऱ्यावरचे कोळी उंदरांएवढे. सगळं खोटं, आणि सगळं दिसतं. ग्लॉस्टर उडी मारतो आणि तोंडावर पडतो, होता तिथेच. पीटर ब्रूक यांनी १९७१च्या चित्रपटात हा प्रवेश घेताना कॅमेरा चेहऱ्यांना चिकटवून ठेवला, म्हणजे पायाखाली काय आहे ते पडेपर्यंत आपल्यालाही कळू नये. चित्रपटानं न दाखवायचं ठरवलं तेव्हाच तो कडा उभा राहिला.

हा तुकडा मी त्या न दिसणाऱ्या मुलाच्या वर्गात, जरा बिचकतच, शेवटच्या आठवड्यात घेतला. तो नेहमीप्रमाणे मित्राच्या शेजारी बसला होता. इतरांना विचारलं, कडा खरा वाटला का? कुणी हो म्हणालं, कुणी नाही. मग तो म्हणाला, "मॅडम, मला प्रत्येक सिनेमात असाच कडा लागतो. हा सांगतो, मी उभा राहतो." आणि मित्राच्या खांद्यावर चापट मारून पुढे, "हा एडगर दोन वेळा खोटं बोललाय माझ्याशी, पण कड्याबद्दल नाही."

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका